अक्का, शेंडा मोडला

प्रिय अक्का,

दाजींना दुपारच्या लातूर गाडीत बसवून परत आलो. दुकानात विहिरीवरच्या तीन मोटारी उघड्या पडल्यात, कारागीर फोन करून राहिलेत, पण पाय तिकडं वळले नाहीत. गच्चीवर तुझ्या झाडासमोर स्टूल टाकून बसलोय आणि दुकानाच्या वहीतली कोरी पानं फाडून तुला लिहितोय. तू म्हणशील, "मल्लू, दहावीला पत्राचा प्रश्न तसाच सोडून आलास, अन् आता बरं सुचून राहिलं तुला!"

सुचत नाही गं. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

तुझ्या झाडाचा शेंडा मोडला, अक्का. गेल्या रविवारी. माझ्या हातानं.

एवढंच असतं तर तुझ्या फोटोसमोर कान धरले असते आणि मोकळा झालो असतो. पण परवा दाजी आले, दोन दिवस राहिले, झाडासमोर खुर्ची टाकून बसले, आणि मी त्यांना सांगितलं नाही. नुसतं सांगितलं नाही असंही नाही, चांगलं कारागिरीनं लपवलं. त्यावर आज स्टँडवर ते मला जे बोलून गेले, ते ऐकून मी सरळ इथं वर आलो. म्हणून हे पत्र.

तू बेंगळुरूच्या सहलीहून आलीस तो दिवस मला आठवतो. तुझ्या शाळेतल्या बाकीच्या मास्तरणींनी साड्या आणल्या, उदबत्त्या आणल्या. तू स्टीलच्या डब्यात बोटभर रोप घेऊन आलीस! मी लातूरला मोटार पोचवायला आलो होतो, ओसरीत चहा पीत होतो. डबा उघडून तू म्हणालीस, "हा सरू. पण आपल्याकडचा न्हाई. परदेशातल्या दलदलीतला. पाण्यात पाय सोडून उभा राहतो, अन् हिवाळ्यात सगळी पानं टाकून बोडका होतो. बाल्ड सायप्रस."

दाजींनी चष्मा वर केला. "दलदलीतलं झाड, अन् लातुरात? निर्मला, आपल्या नळाला पाणी कधी येतंय ते तरी ठाऊक हाय का तुला?"

"माणसं राहतात की इथं," तू म्हणालीस. "ते बी राहील."

आणि राहिलं. नळ दहा-दहा दिवसांनी यायचा त्या उन्हाळ्यांतही ते टबात पाय सोडून उभं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, आणि बिनसाबणाच्या पहिल्या दोन तांब्यांचं तुझं आंघोळीचं पाणी. शेजारच्या स्वामीकाकू गच्चीच्या कठड्यावरून ओरडल्या होत्या ना, "मास्तरीणबाई, गल्ली सगळी घागरी घेऊन रांगेत, अन् तुमचं झाड टबात डुंबून राहिलंय!" तू म्हणालीस, "माझ्या आंघोळीचं पाणी हाय ते काकू, पाठवू का तांब्याभर?" दोन दिवस बोलल्या नाहीत त्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या तांदळाचं पाणी घेऊन आल्या.

मला झाडातलं काही कळत नव्हतं. जळालेल्या मोटारींत नवी तार भरणारा माणूस मी. उदगीरहून दहावी नापास होऊन नांदेडला आलो, उस्तादांच्या हाताखाली नऊ वर्षं तांब्याची तार गुंडाळली आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. माझ्या लेखी झाड म्हणजे सावली नाहीतर फळ. तुझं ना सावली देत होतं, ना फळ. सात वर्षं तू ते टबात मोकळं वाढवलंस, बुंधा माझ्या मनगटाएवढा केलास आणि एका हिवाळ्यात करवत घेऊन गुडघ्याएवढ्या उंचीवर कापून टाकलंस!

दाजी तर डोक्याला हात लावून बसले. "अगं, मारलंस की त्याला! सात वर्षं घातलीस अन् मारलंस!"

"मारलं न्हाई हो. लहान राहायला शिकवून राहिले. बोन्साय म्हणतात ह्याला."

होळीच्या आसपास कापलेल्या जागेखाली हिरवे ठिपके फुटले. तू त्यातला एक ठेवलास, बाकीचे नखानं खुडलेस आणि त्या एकाला काठी बांधून वर उभा केलास. पुन्हा सात वर्षं. पुन्हा करवत, थोडी वर. पुन्हा नवा कोंब. त्या दुसऱ्या वेळी मी होतो तिथं. तू त्या कोंबाला बोट लावून म्हणालीस, "हा शेवटचा शेंडा, मल्लू. ह्याच्यानंतर करवत न्हाई. आता ह्याच्यापुढं झाड आपलं आपण म्हातारं होऊ दे."

तोच, अक्का. तोच मोडला.

चार वर्षांत पेन्सिलीएवढा झाला होता. खालून वर बघितलं की बुंधा कसा निमुळता होत होत त्याच्यात मिळायचा! अडीच-तीन फुटांचं झाड, पण लांबून डोळे बारीक करून बघितलं तर वाटावं, तळ्याच्या मधोमध शंभर वर्षांचं काहीतरी उभं आहे. मला हे दिसायला पंधरा वर्षं लागली. तू कधी म्हणाली नाहीस, की बघ, बघ. मला आपोआप दिसेपर्यंत थांबलीस. मास्तरीण ना शेवटी!

तार घालायची कल्पना तुझी, पण तार माझी. गेल्या पौषात तुझा फोन आला, "मल्लू, तुझ्या दुकानातली मऊ तांब्याची तार आण. शेंड्याला जरा वळण द्यायचंय, लई सरळसोट चाललाय." मी चांगली नवीकोरी तार घेऊन आलो आणि म्हटलं, सरक बाजूला, तार गुंडाळणं हे माझं काम. आणि घातले की वेढे! एकाला एक चिकटून, घट्ट, सारखे. तू बघत राहिलीस आणि पदर तोंडाला लावून हसायला लागलीस. "अरे, त्याला काय विहिरीवर बसवायचंय का? पाणी न्हाई उपसायचं त्यानं!" मग मला सगळं सोडायला लावलंस आणि शिकवलंस, तिरके वेढे, मध्ये जागा, झाडाला श्वास घेता आला पाहिजे.

आणि मग म्हणालीस, "ही पावसाळ्याच्या आत काढायची. लई भराभरा वाढतं हे, तार सालीत रुतती. अन् काढायच्या वेळी उलगडायची न्हाई बरं का, कापायची. तुकडे तुकडे करून."

मी म्हणालो, "अक्का, भरलेली तार कापायची म्हणजे आमच्या धंद्यात पाप." माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी हातावर फटका मारून शिकवलं होतं, "काटना नै बेटे, खोलना. तार काटे तो जोड पडता, अन् जोड पडा तो मोटर जलती." पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. वेढा चुकला तर मी उलट फिरवून सोडतो. दोनशे वेढे असले तरी दोनशे सोडतो. कात्री लावत नाही.

तू मान हलवलीस. "बरं बाबा, तुझं पाप तुझ्याकडं. काढायच्या वेळी मी कापीन."

कापलीस का?

रागावू नकोस. पण पावसाळ्याच्या आत तुला गच्चीचा जिना चढवेना झाला होता, आणि हे मला माहीत होतं. मला एकट्याला.

हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहितोच. चैत्रात तू मला गच्चीवरून फोन केला होतास, कोंब किती फुटलेत ते सांगायला. तू बोलत होतीस आणि मला तुझं बोलणं ऐकू येत नव्हतं. श्वास ऐकू येत होता. अक्का, शेतकरी मोटार घेऊन येतात, म्हणतात, चालू आहे पण काहीतरी वाजतंय. मी पेचकसाचं टोक मोटारीला लावतो, मूठ कानाला लावतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय, महिना काढेल. चुकत नाही मी. तुझ्या श्वासात तसा आवाज होता. मी तुला बोलतानाच थांबवलं आणि म्हटलं, उद्या नांदेडला ये.

आलीस. दाजींना सांगून आलीस की भाच्याच्या मुलाला बघायला जाते. डॉक्टरांनी हृदयाची झडप सांगितली, ऑपरेशन सांगितलं, लवकर करा म्हणाले. बाहेर येऊन तू रिक्षात बसलीस आणि पहिलं वाक्य काय बोललीस? "ह्यांना सांगायचं न्हाई. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, ते होऊ दे. मग माझं बघू. तुला शिवाची आण हाय मल्लू."

मी आण पाळली. दाजींचा एक डोळा झाला. मग तू म्हणालीस, दुसराही होऊ दे. मग म्हणालीस, पेरण्या होऊ देत, मग डॉक्टरकडं गर्दी कमी असते. कसली पेरणी, अक्का? आपलं शेत होतं कुठं? आणि मी हसलो त्यावर! मला वाटलं, तू विनोद करू शकतेस म्हणजे बरी आहेस.

श्रावणात तू गेलीस.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर दाजी बसले होते. पोस्टात नोकरी केलेला माणूस, आयुष्यात कुणाला उंच आवाजात बोलले नसतील. मला शेजारी बसवलं. "डॉक्टर म्हणून राहिलेत, तिला चैत्रातच सांगितलं होतं. तुला ठाऊक होतं?"

"हाव दाजी."

"चार महिने?"

"तिनं आण घातली होती."

त्यांनी छत्री बाकाखाली सरकवली. मग म्हणाले, "मल्लिकार्जुन, तुझ्या कानाला कळलं, अन् तोंडाला कळलं न्हाई?"

त्यांनी मला पूर्ण नावानं कधी हाक मारली नव्हती, लग्नातसुद्धा नाही.

तुला बसवलं होतं, आपल्या लिंगायतांत बसवतात तसं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, तळहातावर लिंग. माणसं येत होती, पाया पडून जात होती. तू बसूनच होतीस, वर्गात पोरं गोंधळ घालून थांबायची वाट बघताना बसायचीस तशी. माती द्यायच्या वेळी दाजींनी सगळ्यांचा हात लावून घेतला, माझा नाही. मी बेलाची पानं टाकून मागं सरकलो.

दोन महिने बोलले नाहीत माझ्याशी. मी फोन करायचो, ते उचलायचे, "हं" म्हणायचे आणि ठेवायचे. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी स्वतःहून फोन केला. "ते झाड घेऊन जा. मला जिना चढवत न्हाई, अन् चढलो तर बघवत न्हाई." मी टेम्पो घेऊन गेलो. ते माझ्याबरोबर टब धरून खाली उतरवू लागले. हात लागला तेवढाच. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला त्यांचा फोन.

"झाड कसंय?"

"मजेत हाय दाजी."

"हं."

तिसऱ्या दिवशी सातला पुन्हा. मग रोज. हळूहळू "झाड कसंय"च्या पुढं एक वाक्य येऊ लागलं. आज भाकरी करपली. आज स्वामीकाकूंनी आमटी दिली. आज हिची चष्म्याची डबी सापडली. मी दुकानात असलो तरी सातला मोटारी बंद करायचो, म्हणजे मला नीट ऐकू यावं. अक्का, त्या झाडानं आम्हा दोघांना पुन्हा बोलायला लावलं होतं. आमच्यात बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

मार्गशीर्षात पानं तांबूस झाली, गंजल्यासारखी, आणि आठ दिवसांत सगळी गळाली. सुनंदा घाबरली. "अहो, वन्संचं झाड गेलं वाटतं!" मी नखानं साल जराशी खरवडून दाखवली, तू शिकवलं होतंस तसं. खाली हिरवं होतं. "जिवंत आहे," मी ऐटीत म्हणालो. आणि ऐटीत म्हणताना मला दिसलं, पानांच्या आड इतके दिवस न दिसलेलं. तार. पावसाळाभर कुणी न काढलेली तार शेंड्याच्या सालीत रुतून बसली होती. करदोटा लहान झालेल्या पोराच्या कमरेला रुततो तशी.

गेल्या रविवारी पक्कड घेऊन बसलो. मला आठवत होतं का, तू काय म्हणाली होतीस? आठवत होतं. खोटं कशाला बोलू? कापायची, तुकडे तुकडे करून, हे शब्द कानात होते. पण हात त्यांच्या वाटेनं गेले. तार दिसली की माझे हात तिचं टोक शोधतात. टोक सापडलं, पहिला वेढा सुटला, दुसरा सुटला, तिसरा. मला बरंही वाटत होतं गं, की किती सफाईनं येऊन राहिलीय. चौथा वेढा सालीच्या आत होता. मी जरा ओढ दिली.

आवाज लहानसा झाला. शेजारी सुनंदा बसली होती, तिला ऐकूही आला नाही. शेंडा माझ्या हातात होता आणि त्याच्याबरोबर बोटभर लांब साल खालपर्यंत सोलून आली होती.

त्यानंतर मी काय केलं ते ऐक. रडलो नाही. तुझी क्षमा मागितली नाही. खाली दुकानात गेलो आणि सामान घेऊन आलो. बारीक सुई आत घातली, लाकडाचा गोंद लावला, शेंडा होता तसा बसवला. सोललेली साल चिकटवली, फटीत भुसा आणि माती कालवून भरली, वर रंग लावला. दोन तास. असं काम झालं अक्का, की तू स्वतः आली असतीस तरी चष्मा लावून शोधावं लागलं असतं. आणि हिवाळा! सगळंच झाड बोडकं. जिवंत फांदी आणि मेलेली फांदी आता सारखीच दिसते. पालवी फुटेपर्यंत कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

सुनंदा बघत होती. शेवटी म्हणाली, "मेलेल्याला सजवून बसवतात आपल्यात. पण माती द्यायच्या आधी तेवढ्यापुरतं. तुम्ही कधीपर्यंत बसवून ठेवणार?"

मी तिच्यावर ओरडलो. हे पण तुला सांगून ठेवतो.

आणि परवा दाजी आले. न सांगता! अहमदपूर-लोह्याच्या खड्ड्यांतून, एका हाताला पिशवी, एका हाताला छत्री, जानेवारीत. "संक्रांत यंदा आपल्याला न्हाई," म्हणाले, "घरी बसून काय करू? तिला हे झाड बोडकंच आवडायचं. पानं असल्यावर लपतं म्हणायची. म्हटलं, पालवी फुटायच्या आत बघून यावं."

खुर्ची टाकली. तासभर बसले. दोन्ही डोळे आता चांगले झालेत त्यांचे, ज्या डोळ्यांसाठी तू थांबलीस ते. खालपासून वर बघत होते, हळूहळू. मग वाकून बुंध्याची साल नखानं खरवडली, हिरवं दिसलं, तोंडभर हसले. तुझ्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं. मग हात वर गेला. शेंड्याकडं.

"शेंड्याला नको दाजी," मी म्हणालो. "कोवळा आहे."

लगेच हात मागं घेतला त्यांनी! झोपलेल्या बाळाच्या अंगावरून घ्यावा तसा.

"जिवंत हाय ना शेंडा?"

"हाव दाजी."

बघ, किती सोपं होतं. 'हाव' म्हणायला मला किती कमी वेळ लागतो बघ.

आज स्टँडवर गाडी लागली. मी पिशवी आत ठेवली, खिडकीशी बसवलं, खाली उतरलो. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. म्हणाले, "पाडव्याला येतो. गुढी यंदा न्हाई, पण पालवी बघून जाईन." इंजिन चालू झालं होतं, कंडक्टर घंटी मारून राहिला होता, एवढ्या आवाजात त्यांचं हळू बोलणं कुणाला ऐकू गेलं नसतं. मला गेलं. "मल्लू, दवाखान्यात मी तुला बोललो ते मनात ठेवू नको. तू तिचं झाड सांभाळलंस. माझ्याच्यानं झालं नसतं. मिटलं आपल्यातलं."

गाडी गेली. मी तिथंच उभा राहिलो.

कुठल्या गोष्टीवर माफ केलं त्यांनी मला? सांग ना. पाच महिने मी ज्याची वाट बघितली ते मिळालं आणि ते माझं नव्हतंच. दोन तास गोंद आणि रंग लावून मिळवलेलं होतं. पाडव्याला सगळ्या फांद्यांवर पिसांसारखी हिरवी पालवी येईल आणि वरचा बोटभर शेंडा तसाच तपकिरी राहील. ते त्याच खुर्चीत बसून खालपासून वर बघत येतील, आणि वर पोचतील. तेव्हा त्यांना शेंडा मेलेला कळेल, आणि आज खिडकीतून त्यांनी जे दिलं तेही मेलेलंच होतं हे कळेल.

खालचा एखादा कोंब धरून नवा शेंडा करता येईल, मला माहीत आहे. तू दोनदा केलास. चार-पाच वर्षं. मी चौसष्टचा आहे. दाजी अठ्ठ्याहत्तरचे.

तुझ्यावर राग येतो अक्का. सांगू का? तू मला शिकवलंस लपवायला. प्रेमापोटी शिकवलंस, ते कळतं. पण शिकवलंस. तुझ्या वेळी जमलं म्हणून या वेळी हात आपोआप तिकडं गेले.

इथपर्यंत लिहिलं आणि सात वाजले. फोन वाजला. आत्ता ठेवला. जसं झालं तसं लिहितो.

"मल्लू, पोचलो बरं. सुनंदाला सांग, धपाटे वाटेतच संपले." आवाज मोकळा होता. मागं घरातला पंखा, स्वामीकाकूंचा कुकर. मग सवयीनं, "झाड कसंय?" आणि स्वतःच हसले. "येडाच हाय मी, दुपारी तर बघून आलो!"

मी वहीचं पान पालथं घातलं.

"मल्लू?"

"दाजी, उद्या लातूरला येतो. सांगायचंय काहीतरी."

हसणं थांबलं. "आत्ता सांग."

"समोर येऊन सांगतो."

"झाडाचं का?"

"हाव."

"गेलं का रे?"

अक्का, दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी याच आवाजात विचारलं होतं. मला पुढं लपवता आलं नाही. म्हणालो, "झाड न्हाई दाजी. शेंडा. मोडला. माझ्या हातून."

"आज?"

"गेल्या रविवारी."

पंखा ऐकू येत होता. कुकरची शिट्टी झाली. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"म्हणजे मी हात नेला तेव्हा तो..."

"चिकटवला होता दाजी."

"अन् मी विचारलं, जिवंत हाय का, तेव्हा..."

"हाव."

मग त्यांनी जे विचारलं ते तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात तूही आहेस. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तिच्या वेळी तिनं तुला आण घातली होती. ह्या वेळी कुणी घातली होती, मल्लिकार्जुन?"

फोन ठेवला.

मी पुन्हा लावला नाही. खाली सुनंदा ताट वाढून हाक मारून राहिलीय. आता अंधारात झाड दिसत नाही, नुसता टबातल्या पाण्याचा वास येतो.

अक्का, हे तुला वचन देतो, आणि यात तुझी परवानगी मागत नाही. उद्या पहिल्या गाडीनं मी लातूरला जातो. दाजींनी दार उघडलं तर आत जाईन, नाही उघडलं तर ओट्यावर बसेन. परत जा म्हणाले तर संध्याकाळच्या गाडीनं येईन आणि परवा पुन्हा जाईन. मला माफ करा म्हणणार नाही, ते त्यांनी एकदा करून संपवलंय. रोज सातला फोन मी करीन. "हं" म्हणून ठेवला तरी करीन, नाही उचलला तरी करीन. आणि त्यांच्या खोकल्यात, गुडघ्यात, श्वासात मला काही ऐकू आलं तर ते त्याच दिवशी त्यांना पहिलं सांगीन. त्यांनी आण घातली तरी, अक्का. तू वरून घातलीस तरी.

तुझा धाकटा,
मल्लू